गुंडी बसली नाही

५ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पत्र आलं. आईला वाचून दाखवलं, मग तिनं पुन्हा वाचायला लावलं. तिचा मोतीबिंदू आता पुरता पिकलाय. परवा माझ्या गणवेशाला टॉवेल समजून हात पुसले.

फोन सोडून ही पत्रांची हौस कुठून आली, असं विचारलंयस. हौस कसली? चौकीवरच्या सगळ्यांचे फोन नव्या साहेबांनी नोंदवून घेतलेत. कोण कुणाशी बोललं आणि काय बोललं, सगळं त्यांना कळतं. पुलाच्या पलीकडे, तुमच्या देशात, फोन लावला की दुसऱ्या दिवशी चहा प्यायला बोलावतात. चहा चांगला असतो. आवाज कधी चढत नाही. जुने साहेब शिव्या घालायचे, पण शिवी दिली की विषय संपायचा. ह्यांचा संपतच नाही.

जावईबुवांना एक निरोप दे. मागच्या खेपेला ते आले तेव्हा माझी कुत्री गुंडी त्यांच्यासमोर टुणकन बसली आणि सगळी चौकी हसली. बसायचं तिला शिकवलेलंच आहे, गांजाचा वास आला की भुंकायचं नाही, बसायचं. ते तुमच्याकडच्या सरकारी परवान्याच्या पॉलिहाऊसमध्ये गांजाची रोपं वाढवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "पाहुण्यांना बसून नमस्कार करते," असं म्हणून मी त्यांना पुढे काढलं. आता तसं चालणार नाही. नवा हुकूम आलाय. माल सापडायला हवाच असं नाही, नखात कण सापडला तरी गुन्हा. पुलाच्या त्या टोकाला जे पोटापाण्याचं काम, ते ह्या टोकाला तुरुंगाचं.

कायद्याला माझा विरोध नाही, हे पुन्हा सांगतो. आपल्या कोपऱ्यावरचा न्हावी तुला आठवत असेल. गांजापायी कात्री चालवता चालवता आरशातल्या कुणाशी तरी बोलायला लागला होता. त्याला गाडीत बसवून नेणारा मीच. गांजा म्हणजे साधा पाला, असं तुझी ती दोन देशांची समिती म्हणत असेल, तर सभासदांना एक दिवस माझ्याकडे पाठव.

आई म्हणते, तू वाळलीस. तिला दिसत नाही काही, तरी म्हणते.

दादा

१९ फेब्रुवारी

दादा,

वाळले नाही, उलट खुर्चीवर बसून बसून पसरलेय. समितीचे अर्धे लोक तुमच्याकडचे, अर्धे आमच्याकडचे, आणि सगळ्यांचं बोलणं उतरवून घेणारी स्टेनो मी एकटी. दोन्हीकडचे मला आपली समजतात, म्हणजे चहा दोन्हीकडून येतो आणि ओरडाही.

तुझा न्हावी मी विसरले नाही. पण ऐक, पाला म्हणणारं इथं कुणीच नाही. तुमच्याकडच्या डॉक्टरीणबाई आहेत, मनोरुग्णालयात त्यांचा जन्म गेला. त्या काल म्हणाल्या, "असे न्हावी मी शेकड्यांनी पाहिलेत. ते माझ्याकडे उशिरा येतात, कारण पकडले जायच्या भीतीनं घरचे लपवतात. मला ते लवकर हवेत." त्यांचं म्हणणं असं की विक्री उघड करा, वयाची अट घाला, किती कडक माल आहे ते पुडीवर छापा, आणि हे दोन्ही देशांनी एकाच दिवशी करा. एकाच दिवशी, ह्यावर त्यांनी टेबलावर बोट आपटलं.

का, ते आमच्याकडे बघून कळतंच. आम्ही एकट्यांनी दार उघडलं, तुम्ही तुमचं आणखी घट्ट लावलं. आता इथं स्वस्तात घ्यायचं आणि तिथं नदीपार सोन्याच्या भावानं विकायचं, असा धंदा सुरू झालाय. वाटेत त्यात काय काय मिसळतात कोण जाणे. गेल्या आठवड्यात एक नावाडी नदीत सापडला, हात पाठीमागे बांधलेले. त्यानं माल न्यायला होडी द्यायला नकार दिला होता म्हणतात. ही माणसं गांजावर जगत नाहीत रे दादा, दोन कायद्यांमधल्या फरकावर जगतात. फरक मिटला की ती उपाशी मरतील. बाकीचे शेजारी देशही आमच्याकडे डोळे लावून बसलेत. एकट्यानं पाऊल टाकलं तर प्रत्येकाची गत आमच्यासारखी होणार. सगळ्यांनी मिळून टाकलं तर कुणाचीच नाही.

बरं, कामाचं बोलते. आईचं ऑपरेशन बारा मार्चला. तुला सुट्टी मिळत नाही, मला बैठक सोडता येत नाही. तेव्हा हे येतील. कोरे कपडे घालून पाठवते, नखं मी स्वतः कापते. गुंडीला सांग, ह्या वेळी नमस्कार नको.

चिमी

२ मार्च

चिमे,

जावईबुवांना पाठवू नकोस. आईची तारीख मी पुढे ढकलतो.

का ते लिहितो. महिनाभर साहेबांनी आम्हाला मैदानावर नवा सराव दिला. रिकामी खोकी मांडायची, कुत्र्याला ओळीनं फिरवायचं, आणि साहेब मान हलवतील त्या खोक्याशी आल्यावर आपला अंगठा कमरेच्या बक्कलावर ठेवायचा. कुत्रं बसलं की त्याला खाऊ. खोक्यात काही नसतं. चार-आठ दिवसांत कुत्री नाकानं बसायची सोडून अंगठ्यानं बसायला लागतात. माझा सोबती जाड्या, त्याचं काळं कुत्रं तर आता तो बक्कल नीट करायला गेला तरी बसतं. गुंडीला मी ते शिकवलं नाही. साहेबांनी विचारलं, "तुमची जरा मंद आहे का?" मी म्हटलं, "वय झालं साहेब तिचं." ते हसले.

सराव कशासाठी, ते गेल्या मंगळवारी समजलं. तुमच्या समितीच्या बाजूनं आमच्या वर्तमानपत्रात लिहिणारे एक मास्तर पुलावरून येत होते. साहेबांनी मान हलवली, जाड्याचा अंगठा गेला, कुत्रं बसलं. मास्तरांनी विडीलासुद्धा कधी हात लावला नसेल. त्यांना पुलामागच्या जुन्या शीतगोदामात नेलं. अजून बाहेर आलेले नाहीत. जाड्या त्या दिवशी जेवला नाही. जाड्या जेवला नाही म्हणजे काय, ते तुला कळेल.

मी आजवर ज्या कायद्यासाठी उभा होतो, तो हा नाही. ह्यात गांजाच नाही. नुसता अंगठा आहे.

समितीचं काम करणाऱ्या बाईचा नवरा पॉलिहाऊसमध्ये आहे, हे साहेबांना ठाऊक आहे. परवा चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "मेहुणे कधी येतायत?"

पाठवू नकोस.

दादा

११ मार्च

दादा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. हे सकाळीच निघाले.

पाकिटाचा डिंक जाड लागलाय आणि कडेला कागद सुरकुतलाय. दोन तारखेचं पत्र पूल ओलांडायला इतके दिवस घेतं का? कुणीतरी ते वाचून, ठेवून, मग सोयीनं सोडलं.

मला वाटत होतं, तुला उगाच भीती वाटते. बारीकसारीक गोष्टीत काळजी करायची तुझी सवय, म्हणून मागच्या तुझ्या निरोपावरही मी हसलेच. ह्यांनी निघताना आरशात बघून विचारलं, "नवरदेव दिसतोय ना?" मी म्हटलं, "आईला दिसणार नाही, तेव्हा चालेल."

ह्यांचा फोन लागत नाही. तिकडच्या दवाखान्यात फोन करून विचारलं, आई आज दाखल व्हायची होती, ती तिथं पोचलेली नाही. पावाची गाडी रोज पूल ओलांडते, तिच्या ड्रायव्हरच्या हातात हे देतेय. उत्तर त्याच्याच हाती दे. वाईट असलं तरी दे.

चिमी

१३ मार्च

चिमे,

जिवंत आहेत. मार नाही. हे आधी लिहितो.

ते आले तेव्हा पुलावर पहाऱ्याला मी आणि गुंडीच होतो. साहेब माझ्या मागे उभे. जावईबुवांच्या हातात आईसाठी संत्र्यांची पिशवी. मला बघून त्यांनी हसू आवरलं. शहाणा माणूस, ओळख दाखवली नाही. गुंडीनं त्यांचे बूट हुंगले, हात हुंगले, पिशवी हुंगली आणि शेपूट हलवत पुढे गेली. बसली नाही. तुझे कोरे कपडे कामी आले, अंगाला कसलाच वास राहिला नव्हता.

"पुन्हा," साहेब म्हणाले.

मी पुन्हा फिरवली. नाही बसली.

"तुमचे हात कुठे आहेत?" त्यांनी हळूच विचारलं. मी दोन्ही हातांनी साखळी धरली होती. म्हटलं, "साखळीवर, साहेब." त्यांनी वाकून माझे अंगठे पाहिले. मग जाड्याला हाक मारली. जाड्या माझ्याकडे न बघता आला. त्याचं काळं कुत्रं जावईबुवांसमोर बसलं.

पिशवीत संत्र्यांशिवाय काही निघालं नाही. मग कापसाच्या बोळ्यानं नखांखालून पुसलं आणि कण सापडला म्हणाले. रोज त्या रोपांत हात घालणाऱ्या माणसाच्या नखात कण सापडला, हे कुणालाही पटणारच. गोदामात त्यांना कुणी गांजाबद्दल विचारलं नाही म्हणे. विचारतात ते तुझ्याबद्दल. तू बैठकीची टिपणं घरी आणतेस का, आमच्या बाजूचे कोण कोण 'हो' म्हणतायत, डॉक्टरीणबाई खासगीत काय बोलतात.

आता माझी सही हवी आहे, की पहिल्यांदा माझीच कुत्री बसली. सख्खा मेहुणाच असं म्हणतोय म्हटल्यावर बाहेर कुणी शंका घेणार नाही. कागद टेबलावर आहे. साहेब म्हणाले, "घाई नाही."

दादा

१७ मार्च

दादा,

घाई का नाही, ते मला काल बैठकीत समजलं. तुमच्याकडच्या एका सभासदानं उठून सांगितलं, "ह्या समितीच्या स्टेनोचा नवराच पुलावर पकडला गेलाय. अशा लोकांच्या टिपणांवर आपण कायदा करणार का?" ते मला लिहून घ्यावं लागलं. माझ्याच नवऱ्याबद्दलचं वाक्य. उतरलं सगळं.

आमच्या बाजूचे दोघं लगेच म्हणायला लागले, आपलं आपण बघू, त्यांच्या नादी लागायला नको. बोलणी मोडायची असतील तर ह्याहून सोपा रस्ता नाही. मोडली की आमच्याकडे उघडं, तुमच्याकडे बंद, आणि मधल्या नदीत आणखी नावाडी. साहेबांचा पूल कायमचा त्यांचा.

डॉक्टरीणबाई मला बाहेर भेटल्या. म्हणाल्या, "तुमचा भाऊ समितीपुढे येऊन सांगेल का, पुलावर काय शिकवतात ते?" मी म्हटलं, विचारते. खरं सांगू, विचारावंसं वाटत नाही. सही केलीस तर हे आत जातील. बोललास तर तू. एका घरातले दोघं, आणि निवड मी करायची? मी करत नाही. तू सही कर किंवा करू नकोस, मला तू दादाच.

आई जेवते का?

चिमी

२९ मार्च

चिमे,

हे पत्र जावईबुवांच्या खिशात पोचेल. त्यांना जरा जपून घरात घे. थंड जागेत राहून खोकला धरलाय, आणि मोठा आवाज झाला की दचकतात.

समितीचं बोलावणं लेखी होतं, म्हणून मला पूल ओलांडू दिला, आणि मी बोललो. तू खाली मान घालून लिहीत होतीस, म्हणून तुझा चेहरा दिसला नाही. बरं झालं. दिसला असता तर माझं वाक्य अडकलं असतं. बक्कल, खोकी, मास्तर, सगळं सांगितलं. सभासदांनी मला विचारलं, "मग गांजा मोकळा व्हावा, असं तुमचं मत आहे का?" मी काय म्हटलं ते तू उतरवलंच आहेस, तरी आईला सांगायला पुन्हा लिहितो. मी म्हटलं, मला गांजा आजही आवडत नाही. पण जी गोष्ट इथं गुन्हा आणि शंभर पावलांवर नोकरी आहे, तिच्यावर पहारा ठेवणाऱ्याला हवं ते करता येतं. दोन्ही टोकांना एकच नियम करा, मग मी त्याच्यासाठी उभा राहीन. कडक असला तरी राहीन.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी लेखी मागणी केली, म्हणून जावईबुवा सुटले. पण जन्मात पुन्हा पूल ओलांडायचा नाही, ह्या अटीवर. मास्तर नाही सुटले. त्यांच्यासाठी मागणी करणारं कुणी समितीत नव्हतं.

आईचं ऑपरेशनही बाईंनीच त्यांच्या ओळखीनं करवलं. पट्टी निघाल्यावर आईनं मला पाहिलं आणि म्हणाली, "केवढा म्हातारा झालास रे."

सोमवारी मला चौकशीला बोलावलंय. गुंडी काल नेली, कुठे ते सांगत नाहीत. आईच्या डोळ्यांत थेंब घालायला शेजारच्या शिंपीणबाई येतील, पण त्यांनाही आता आमच्या दारात दिसायची भीती वाटते.

दादा

१० एप्रिल

दादा,

चौकशीतल्या माणसाला पत्र मिळतं पण आधी साहेब वाचतात, असं समजलं. म्हणून साहेब, हे तुम्हालाही.

तुमच्या संसदेनं मतदान पुढच्या अधिवेशनावर टाकलं. आमच्याकडचे चिडले, पण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजूंना पुन्हा एका टेबलाशी आणलंय. समिती मोडलेली नाही. पुढची बैठक पुलापलीकडे, तुमच्या गावात आहे, आणि स्टेनो म्हणून मला यावंच लागेल. बैठक संपली की मी आईला घेऊन परत जाणार. शिंपीणबाईंनी येणं बंद केलंय, हे मला समजलंय.

मी सोमवारी सकाळी चालत येईन. पॉलिहाऊसमध्ये मी कधी पाय ठेवलेला नाही. ह्यांचे कपडे गेले पंधरा दिवस घरात वेगळे आहेत. तरी कुत्रं बसेल, हे मी धरूनच चाललेय. समितीतले दोघं माझ्यासोबत चालतो म्हणाले होते. एकाची काल संध्याकाळी अचानक पाठ धरली. डॉक्टरीणबाईंची पाठ अजून ठीक आहे.

ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. आज सकाळी न बोलता माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून ठेवला. म्हणजे जा म्हणतात.

दादा, तू काही खा. तुला उपाशी राहायची खोड आहे, रागावलास की.

चिमी

१६ एप्रिल

चिमे,

डॉक्टरीणबाई इथं तपासायला आल्या आहेत. त्यांच्या हातात हे देतोय, म्हणून मोकळं लिहितो.

मी तुला पाहिलं. मला ठेवलंय त्या गोदामाच्या वरच्या खोलीला एक झरोका आहे, खुर्चीवर चढलं की पूल दिसतो. तू आणि बाई चालत आलात. जाड्या काळ्या कुत्र्याला घेऊन उभा. साहेबांनी मान हलवली. जाड्याचा अंगठा बक्कलावर गेला, कुत्रं तुझ्यासमोर बसलं. मी डोळे मिटून घेतले.

मग लोकांचा आवाज आला म्हणून उघडले. जाड्यानं अंगठा काढलाच नव्हता. तसाच ठेवून तो पुढे चालला होता. कुत्रं डॉक्टरीणबाईंसमोर बसलं. मागच्या पाववाल्यासमोर बसलं. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईसमोर बसलं. साहेब काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. जाड्या त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि कुत्रं त्यांच्याही बुटांशी बसलं, खाऊ मिळेल म्हणून वर बघत. लोक हसले नाहीत, चिमे.  साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि हातानं खूण केली, जाऊ द्या.

म्हणून तू आत आलीस आणि संध्याकाळी आईला घेऊन गेलीस. आई पुलावर मध्येच थांबून मागे वळून बघत होती. तिला आता लांबचं दिसतं, पण झरोका फार वर आहे.

जाड्या त्याच रात्री इथं आला. माझ्या शेजारच्या खोलीत आहे. भिंतीवर थाप मारली तर थाप मारतो. काल विचारलं, "का केलंस रे?" म्हणाला, "बक्कल अडकलं होतं." मास्तर खालच्या मजल्यावर आहेत, असं तो म्हणतो. कधीमधी खोकल्याचा आवाज येतो, तो त्यांचा असावा.

बाई सांगत होत्या, पुढच्या अधिवेशनात मतं जमतील. तिसऱ्या शेजारी देशानंही आपली माणसं समितीत पाठवायचं ठरवलंय. मी मान डोलावली. अधिवेशन पावसाळ्यानंतर आहे. तोवर माझ्यासाठी धावपळ करू नकोस, आणि मुख्य म्हणजे पूल ओलांडू नकोस. समितीला सांग, बैठका तिकडेच घ्या.

आज पहाटे मैदानावर एक ट्रक लागला. खाली उतरवलेले पिंजरे मी मोजले नाहीत. सगळी कोवळी कुत्री आहेत, अजून काही न शिकलेली. साहेब एकेका पिंजऱ्यापाशी थांबून त्यांना हात चाटू देत होते.

दादा